कुरडई

चांगुणा दिवाळ्याहून पाटी घेऊन येते,
बोंबील मोजता मोजता दारातल्या हिच्याकडे बघते.
"गो बाय, यी मांजर हाय का कुनी पिलून ठेवलेला पायपुसना?"
कुरडईला अपमान कळत नाही, वास कळतो.
पाटीच्या कडेवर पुढचे दोन पाय ठेवून
ती तलाठ्यासारखी तपासणी करते.

कागदावर तिचं नाव लांबलचक, परदेशी, पणजोबांसकट.
पण एप्रिलमध्ये गच्चीवरच्या प्लास्टिकवर
सोऱ्यातून पडलेला चिकाचा पहिला वेढा ज्याने पाहिलाय
तो हिला दुसरं काय म्हणेल?

आली ती नेरूळच्याच सबनीसांच्या सुनेकडून.
कुणीतरी तिला सांगितलं होतं,
कुरळ्या मांजराने शिंका येत नाहीत.
आल्या. अंगावर गांधीही उठल्या.
वाटी, वाळूचं टोपलं, कापडी उंदीर आणि ही,
सगळं माझ्या दारात ठेवून ती लिफ्टमध्ये रडली.
मी तेव्हा घरीच असायची.
अख्ख्या सोसायटीला माहीत होतं, मी घरीच असते.

डॉक्टर सादिया मुल्लांनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"विंचरायचं नाही. ओला हात फिरवा, बास.
हे केस मुळातच कच्चे, घासले की जातात.
मिशा तुटतील, घाबरू नका.
कान मात्र दर रविवारी, कापसाने, खोल नाही.
कातडी तेलकट होते, अधूनमधून कोमट पाणी.
आणि खायला मागेल. सारखं मागेल.
रडगाण्याला भुलू नका."

घरी येऊन कॅलेंडरवर लिहिलं: कान.
खालच्या चौकोनात आधीचंच अक्षर होतं:
खारघर, साडेआठ, उपाशीपोटी.

स्वभाव म्हणाल तर चिकट.
ऊब दिसली की तिची.
टीव्हीचा डबा, इस्त्रीचे कपडे, इडलीपात्राचं झाकण,
माझ्या मानेमागची खोबण.
तिथे ती शालीसारखी आडवी होते, मी पोळ्या लाटते.
मधेच एक पंजा खाली येतो, पोळी उचलतो.
पकडलं तर अशी बघते
जणू चोर मी आणि ती साक्षीदार.
ज्या दिवशी मला पाण्याचाही वास सोसत नसे
त्या दिवशीही तिने वाटी वाजवून वाजवून मला उठवलं.
दया तिच्या जातीत नाही.

डिसेंबरात तिची पाठ उघडी पडली.
वीतभर. आत गुलाबी, सुरकुतलेली,
मळलेल्या कणकेसारखी गरम.
रात्री साडेदहाला मी डॉक्टरांना फोन केला.
"येतील परत, या जातीत असं होतं.
तुम्ही फक्त विंचरू नका."
मी म्हटलं, "माझ्याकडे कंगवाच नाही."
पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, "हो. बरं."

नणंदेने विणलेली लोकरीची टोपी मला टोचायची.
तिला चार भोकं पाडली, कुरडईची बंडी केली.
तिलाही टोचली.
सोफ्याखाली ती अजून पडून आहे.

फेब्रुवारीत तिची पाठ भरली.
आणि माझं डोकं.
त्रेपन्न वर्षं माझे केस फूटपट्टीसारखे सरळ,
वेणी घालावी तर दाराशी पोचेपर्यंत सुटायची.
आता आले ते कानामागून वळत,
बोट घातलं तर बोटाला वेढा घालणारे.
मी कंगवा विकत आणला नाही.
ओला हात फिरवते, आधी तिच्यावर, मग माझ्यावर.

आज चांगुणाने पाटी उतरवली,
एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.
मी वाट बघत उभी, आता ही काय म्हणते.
काही म्हणाली नाही.
दोन बोंबील जास्तीचे टाकले.
"एक हिचा," म्हणाली.
दुसरा कुणाचा ते विचारेपर्यंत
कुरडईने दोन्ही पळवले होते.